फियाट एक्स वन नाइन घ्यायचीये? आधी पत्रा, मग पाणी, मग वायरिंग, आणि इंजिन सगळ्यात शेवटी

जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की लोक फेरारी, लॅम्बोर्गिनी, फार तर अल्फाच्या स्पायडरपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. फियाट एक्स वन नाइनचं नाव कोणी घेत नाही, आणि घेतलंच तर "ती गंजणारी ना?" एवढ्यावर विषय संपतो. मला हे अजिबात पटत नाही. ज्या मार्चेल्लो गांदिनी नावाच्या डिझायनरनी लॅम्बोर्गिनीची मिउरा काढली, काउन्टाश काढली, लान्चिया स्ट्रॅटोस काढली त्यांच्याच हातची ही गाडी आहे, बेर्तोनेच्या, म्हणजे गाड्या डिझाइन करणाऱ्या आणि बनवणाऱ्या त्याच कंपनीच्या स्टुडिओतली. स्ट्रॅटोस आज आपण फक्त म्युझियममध्ये बघायची, ही मात्र पगारदार माणूस विकत घेऊ शकतो आणि घरच्या गॅरेजमध्ये खोलूही शकतो. मी इटलीत तोरिनोला (ट्युरिन) राहतो, इथे शनिवार-रविवारी जुन्या गाड्यांत हात काळे करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडून ऐकून आणि स्वतः एक १५०० (याच गाडीचं नंतरचं मॉडेल) उभी करून जे कळलं ते एका जागी लिहून ठेवतोय. आपली मंडळी आता यूके, जर्मनी, अमेरिका सगळीकडे आहेत, कोणी घ्यायच्या विचारात असेल तर कामाला येईल.

गाडी नेमकी काय आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. १९६९ च्या तोरिनो मोटर शोमध्ये बेर्तोनेनी ऑटोबियांकी रनअबाउट नावाची एक छोटी पाचरीसारखी कॉन्सेप्ट गाडी दाखवली, गांदिनींचंच डिझाइन. बेर्तोनेच्या ग्रुल्यास्कोच्या कारखान्यात तेव्हा फियाट ८५० स्पायडर बनत होती, तिच्यानंतर कारखान्याला काम हवं होतं. दुसरीकडे फियाटकडे १२८ या फॅमिली कारचं इंजिन होतं, आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स शेजारी, पुढची चाकं फिरवणारं. तो अख्खा गठ्ठा उचलून सीटच्या मागे ठेवला आणि १९७२ मध्ये एक्स वन नाइन आली. मिड-इंजिन गाडी म्हणजे तेव्हा बहुतेक करून श्रीमंतांचीच मिजास, आणि इथे ती फॅमिली कारच्या पार्ट्सवर बनवलेली. तोयोटाची एमआर २ यायला १९८४ उजाडलं, तोवर हिला बारा वर्षं होऊन गेली होती. १९८२ पासून बेर्तोनेनी ती स्वतःच्याच नावाने विकली आणि १९८९ ला बंद केली.

इंजिन औरेलिओ लाम्प्रेदींचं. हे आधी फेरारीत व्ही १२ इंजिनं करायचे, ५० च्या दशकात फियाटला आले. पहिल्या मॉडेलला १२९० सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) फक्त ५५.५ मिमी, म्हणजे फिरायला एकदम मोकळं, युरोपात ७५ हॉर्सपॉवर. आपल्याकडे ज्यांनी पालिओ १.६ चालवलीये त्यांना हे इंजिन थोडं ओळखीचं वाटेल, ते याच घराण्यात पुढे वाढलेलं. अमेरिकेत मात्र एमिशनच्या नियमांपायी पॉवर साठ-पासष्टवर आली, वर मोठे बंपर लागले, आणि सगळ्यात जास्त गाड्या विकल्या गेल्या तिथेच. म्हणून "दिसायला स्पोर्ट्स, चालायला ढ" असं नाव तिकडूनच पडलं आणि ते आजतागायत चिकटलंय.

कुठली घ्यायची? दिसायला पहिली सिरीज, १९७२ ते ७८, बारीक बंपर, १३००, चार गिअर. चालवायला १९७८ नंतरची १५००, म्हणजे १४९८ सीसी, ८५ हॉर्सपॉवर, पाच गिअर. हायवेला जाणार असाल तर पाचवा गिअर फार कामाचा. पण खरं सांगू, मॉडेलवर अडून बसू नका, कमी गंजलेली कुठली मिळते ते बघा. कुजलेल्या १३०० पेक्षा धड असलेली १५०० कधीही बरी आणि धड १३०० मिळाली तर मग प्रश्नच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक लोक गाडी आणली की आधी इंजिन खोलून बसतात, कारण ते सगळ्यात मजेचं काम असतं, आणि पैसे संपले की मग पत्र्याकडे बघतात. या गाडीला हा क्रम उलटा करायचा. इंजिन साधं आहे, पार्ट्स मिळतात, १२८ लाखोंनी बनलीये. पण या गाडीला पक्कं छप्पर नाही, ते हाताने काढता येतं, त्यामुळे गाडीचा सगळा ताण खालच्या सिलवर (दरवाजाखालची लांब पोकळ पट्टी) आणि फ्लोअरच्या मधल्या बोगद्यावर येतो. तिथे गंज असेल तर बाकी कितीही चकचकीत असो, गाडी गेलेली असते.

म्हणून बघायला जाताना इंजिनचा आवाज ऐकायच्या आधी हे करा. एक छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून घ्या, एक जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च. मागचं इंजिनचं झाकण उघडा, दोन्ही बाजूंना शॉकअपचा वरचा भाग जिथे बॉडीला बोल्टने धरलाय तो घुमट दिसेल. त्याच्या कडेकडेने चुंबक फिरवा. चिकटत चिकटत मध्येच सुटलं तर तिथे पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, धड पत्रा टणटण वाजतो आणि कुजलेला भदभद, एकदा दोन्ही आवाज ऐकले की चूक होत नाही. हाच घुमट आतून गेलेला असेल तर वाळवी लागलेल्या खांबावर घर उभं असल्यासारखं आहे, मागचं अख्खं सस्पेन्शन त्याच्यावर लटकलेलं असतं. त्यानंतर पुढची डिकी, हो, डिक्या दोन आहेत, पुढे एक आणि मागे एक. पुढच्या डिकीत बॅटरी असते, वर्षानुवर्षं ॲसिड गळून तिच्या खालचा ट्रे आणि आजूबाजूचा पत्रा खाल्लेला असतो, तर मॅट उचलूनच बघा. स्टेपनी सीटच्या मागे उभ्या कप्प्यात असते, ती बाहेर काढायला लावा आणि कप्प्याचा तळ बघा. काचेचे खालचे दोन कोपरे, दरवाजांचे तळ, पायाखालचा फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा, हे सगळं बघायचंच.

आणि एक परीक्षा जी मला सगळ्यात आवडते. छप्पर काढा, दरवाजा बंद असताना फटीचं माप बोटाने घ्या, मग सिलवरच्या जॅकच्या जागेला जॅक लावून चाक जमिनीपासून जरासं उचला. आता दरवाजा उघडा आणि बंद करा. धड गाडीत दरवाजा तसाच बसतो. वरची फट मिटली, दरवाजा घासला किंवा जॅकच आत घुसायला लागला तर लगेच खाली घ्या आणि मालकाला नमस्कार करून निघा. मालक जॅक लावू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

गाडी घेतली की पत्र्याचं काम. यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी बांधून घ्यायची, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. हे न करता दोन्ही सिल एकदम काढले तर बॉडी मधून वाकते आणि मग दरवाजे आयुष्यात नीट बसत नाहीत. गंजावर नवा पत्रा चिकटवायचा नाही, धड पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, भले भगदाड मोठं झालं तरी चालेल. वेल्डिंग मिगने (तार आणि गॅसवालं वेल्डिंग), थोडं थोडं, जागा बदलत, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटा मारतो. जिथे दोन पत्रे एकावर एक येतात तिथे आधी झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं तो), नंतर सांधा बुजवायला सीम सीलर. आणि पेंट झाल्यावर सिलच्या आत, घुमटाच्या मागे, दरवाजांच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मारायचं. हा शेवटचा टप्पा बाहेरून दिसत नाही म्हणून लोक वगळतात, पण गाडी पुढची वीस वर्षं टिकणार की पाच ते यावरच ठरतं. वॅक्स मारताना पाणी निघायची भोकं बुजवू नका एवढं सांभाळा, पाण्याला बाहेरची वाट नसली की ते पत्रा खाऊन वाट करतं. रबरं सगळी नवीन घ्या, छपराची, दरवाजाची, डिकीची. जुनी परत लावून वाचलेले पैसे गंजात जातात.

वेल्डिंग स्वतः येत नसेल तर शिकायला ही गाडी वापरू नका, निदान घुमट आणि सिल तरी जाणत्या माणसाकडून करून घ्या. बाकी खोलणं, साफ करणं, बसवणं तुम्ही करा, मजुरीतली बरीच बचत तिथेच होते.

पत्र्यानंतर पाणी. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे कूलंट गाडीखालून दोन लांब लोखंडी पाइपांतून पुढे जातं आणि परत येतं. या पाइपांचे दोन शत्रू, एक आतून गंज आणि दुसरा जॅक. कोणीतरी केव्हातरी गाडी मधून उचललेली असते आणि पाइप चेपलेला असतो, मग गाडी ट्रॅफिकमध्ये तापते, लोक थर्मोस्टॅट बदलतात, पंप बदलतात, रेडिएटर बदलतात, आणि दोष असतो चेपलेल्या पाइपात. गाडी लिफ्टवर घेऊन पाइप शेवटपर्यंत हाताने चाचपून बघा. चेपलेला किंवा खाल्लेला असेल तर स्टेनलेस स्टीलचे बनवून घ्या, एकदाच खर्च आणि कायमची शांती. होज सगळे नवीन, वॉटर पंप नवीन, रेडिएटरचा फॅन आणि त्याचा थर्मोस्विच चालतोय का ते बघून घ्या.

मग हवा काढणं, हे इथे जरा निगुतीने करायला लागतं कारण इतक्या लांबच्या रस्त्यात हवा हमखास अडकते. इंजिन पूर्ण गार हवं, गाडी सपाटीवर. हीटरचा दांडा पूर्ण गरमकडे सरकवा म्हणजे हीटरमधलंही पाणी फिरेल. रेडिएटरच्या वरच्या बाजूला हवा काढायचा स्क्रू आहे, तो सैल करा. मागच्या टाकीतून कूलंट हळूहळू ओता, घाई नाही, ओता आणि थांबा. पुढे आधी फुसफुस होते, मग बुडबुडे, मग अखंड धार येते. धार आली की स्क्रू बंद. आता झाकण लावून इंजिन सुरू करा (टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते माहीत नसेल तर आधी तो बदलून घ्या, पुढे इंजिनच्या भागात आलंय), थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, पुढचा खालचा-वरचा होज हाताने बघा, दोन्ही गरम झाले पाहिजेत आणि नंतर फॅन लागला पाहिजे. फॅन लागून बंद झाला की तुम्ही पण इंजिन बंद करा आणि दुसऱ्या दिवशी गार असताना परत तोच स्क्रू उघडून बघा, बहुतेक वेळा अजून थोडी हवा निघतेच. गरम असताना झाकण किंवा स्क्रू उघडायचा नाही, भाजेल. आत गरम हवा नीट येत नसेल तर समजा हवा अजून अडकलीये.

वायरिंगला लोक उगाच शिव्या देतात. इटालियन वायरिंग वाईट म्हणून नाही, तर पन्नास वर्षांत अर्थिंगच्या जागा गंजल्या म्हणून त्रास होतो. लाइट मंद, इंडिकेटर दिला की दुसराच दिवा लुकलुकतो, टेम्परेचरचा काटा हेडलाइट लावले की हलतो, या सगळ्याचं कारण बहुतेक वेळा अर्थिंगच असतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा खाली राहिला तर ठीक, त्याच्या बराच वर गेला तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी बदला. मग एकेक अर्थिंगची जागा खोलून, घासून, ग्रीस लावून परत घट्ट. फ्यूजबॉक्सच्या पट्ट्या काढून साफ करा, वितळलेलं कनेक्टर दिसलं तर लगेच बदला. हेडलाइटला रिले टाका, मूळ वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून जातो आणि स्विच तापतो. उघडझाप करणारे हेडलाइट अडकले तर घाबरू नका, मोटरच्या डोक्यावर एक फिरकी असते, ती हाताने फिरवून लाइट वर आणता येतो. रात्री गाडी बाहेर काढायच्या आधी ही फिरकी कुठेय ते एकदा हाताने शोधून ठेवा.

पेट्रोलची लाइन ही सुरक्षेची गोष्ट आहे, इथे तडजोड नको. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला येतात, म्हणजे वरून गळलेलं पेट्रोल खाली तापलेल्या मॅनिफोल्डवर. आणि इंजिन तुमच्या पाठीमागे. जुने रबरी होज आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये मऊ पडतात, चिरतात. इथेनॉल चालणारे होज घ्या, क्लॅम्प नवीन, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत एकही जुना तुकडा ठेवू नका आणि सीटशेजारी हात पोचेल असा अग्निशामक सिलिंडर बसवा.

ब्रेक चारही चाकांना डिस्क, बूस्टर नाही. त्यामुळे पाय जरा जोरात द्यावा लागतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. मागचे कॅलिपर उभ्या गाडीत हमखास जाम होतात, आणि पॅड बदलताना त्यांचा पिस्टन दाबून आत जात नाही, फिरवून आत घ्यायचा असतो. सी-क्लॅम्पने जोर लावलात तर आतली हॅण्डब्रेकची यंत्रणा मोडेल. ब्रेकचे रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी बदला, जुने आतून फुगलेले असतात. टायरची तारीख बघा, बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. नक्षी नवीकोरी असली तरी दहा वर्षांवरचे टायर काढून टाका. साइज १५०० ला १६५/७० आर १३, आणि चाकाचे बोल्ट ४×९८, म्हणजे ९८ मिमीच्या वर्तुळावर चार, दुसरी कुठली ४×१०० ची अलॉय "बसतेय जवळपास" म्हणून बसवू नका.

आता इंजिन. इथवर आलात तर अर्धी लढाई जिंकलात. टायमिंग बेल्ट कधी बदललाय हे कागदावर लिहिलेलं नसेल तर बदलायचाच, टेन्शनरच्या बेअरिंगसकट, आणि तोवर गाडी सुरूही करू नका. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स शिमने सेट होतं, मॅन्युअलमधल्या आकड्याने करा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये सारखं असेल तर इंजिन उगाच खोलू नका, ऑइल, प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटरची सफाई एवढं पुरतं. इंजिन बाहेर काढायचंच झालं तर ते खालून निघतं, त्यामुळे लिफ्ट असलेलं गॅरेज आधी ठरवा. गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) कमजोर असतो, गार असताना दुसरा टाकताना जरा थांबून टाका, ऑइल तापलं की नीट पडतो. गिअरचा दांडा खिचडीत फिरतोय असं वाटत असेल तर घाबरून गिअरबॉक्स काढू नका, लिंकेजचे, म्हणजे दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सळ्यांचे, बुश बदला. ते स्वस्त आहेत आणि फरक इतका पडतो की गाडी वेगळीच वाटते.

आणि मग चालवा. हिची मजा सरळ रस्त्यावर नाहीच, १५०० पण १८० च्या पुढे जात नाही आणि तिथे पोचायला वेळ घेते. मजा वळणात आहे. वजन ९०० किलोच्या आसपास, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २२०२ मिमी, चारही बाजूंना इंडिपेंडंट सस्पेन्शन, आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी दोन्ही सीट आणि इंजिनच्या मध्ये शेजारी शेजारी ठेवलेत. त्यामुळे टाकी भरलेली असो की रिकामी, गाडीचा तोल फारसा बदलत नाही. तोरिनोतून सुपेर्गाच्या टेकडीवर जाणारा रस्ता आहे, एकामागून एक वळणं, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ५००० च्या वर ठेवून जा, स्टिअरिंगमधून पुढच्या चाकाखालचा खडा न् खडा हाताला कळतो. पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला बूस्टर नाही, म्हणून तर सगळं सरळ तुमच्यापर्यंत येतं. छप्पर काढून पुढच्या डिकीत सपाट ठेवा, तरी खाली एक बॅग राहते आणि मागची डिकी अख्खी मोकळी. चालत्या गाडीत हे सगळं बसवलेलं बघितलं की गांदिनींचं डोकं किती व्यवहारी होतं ते कळतं, नुसतं सुंदर काढणं वेगळं आणि दोन माणसं, त्यांचं सामान, स्टेपनी, छप्पर, इंजिन हे सगळं चार मीटरच्या आत बसवून सुंदर काढणं वेगळं. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा सगळीकडे मिउरा-काउन्टाशचेच फोटो होते. मला वाटतं त्यात ही पण असायला हवी होती.

एक इशारा, वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडू नका. वजन मागे आहे, ओल्या रस्त्यावर मागची बाजू बाहेर येऊ शकते. वळणाआधी ब्रेक, वळणात हलका पण स्थिर ॲक्सिलरेटर. टायरमध्ये हवा मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त.

मॉडिफिकेशन करणारे पुष्कळ आहेत आणि त्याला इतिहासही आहे. रेसिंग गाड्या बनवणाऱ्या दाल्लाराने हिच्यावर रुंद चाकांची रेसिंग गाडी बनवली, फियाटच्याच रेसिंग विभागाने, आबार्थने, रॅलीसाठी प्रोटोटाइप केले पण फियाटने शेवटी आपल्या १३१ या दुसऱ्या मॉडेलला पुढे केलं. तुम्हाला मोठं इंजिन टाकायचं तर टाका, गाडी तुमची आहे. माझं मत एवढंच की मूळ पार्ट्स फेकू नका, डब्यात नाव लिहून ठेवा. पहिल्या सिरीजच्या धड गाड्या आता कमी राहिल्यात, त्या तरी जशा होत्या तशा ठेवा.

इटलीत असाल तर कागदांचं थोडं. गाडी तीस वर्षांवरची असल्यामुळे नेहमीचा रोड टॅक्स लागत नाही, रस्त्यावर आणली तर एक छोटी वार्षिक रक्कम भरायची. एएसआय, म्हणजे इथला ऐतिहासिक गाड्यांचा क्लब, त्याचं सर्टिफिकेट काढलं तर इन्शुरन्स बराच स्वस्त पडतो, आणि त्यासाठी गाडी मूळ अवस्थेच्या जवळ लागते, म्हणजे बंपर, चाकं, रंग, सीटचं कापड याचे फोटो मागतात. तर पत्रा कापण्याआधीचा फोटो, कापल्यावरचा, वेल्डिंगनंतरचा, प्रायमरनंतरचा, सगळं तारखेसकट काढून ठेवा. उद्या विकायची वेळ आली तर समोरचा माणूस पण चुंबक घेऊनच येणार आहे, त्याच्या हातात हे फोटो द्या.